पनवेलची लाकडी सांगाड्याची दुकानघरे

पुढील भागात दुकान आणि मागे अथवा माडीवर राहते घर अशी योजना असलेली, लाकडी खांब व तुळया यांच्या सांगाड्यावर उभारलेली बाजारपेठेतील वास्तू म्हणजे दुकानघर. उत्तर कोकणातील बंदरगावांत आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या बाजारगावांत एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा वास्तुप्रकार रूढ होता. पनवेलची जुनी पेठ हे त्याच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे क्षेत्र होय. पेशवेकालीन वाड्यांच्या बांधणीशी दुकानघराचे जवळचे नाते आहे. तथापि वाडा घराण्याच्या नावाने ओळखला जातो, तर दुकानघर बांधणाऱ्याचे नाव बहुधा उरलेले नसते. परिणामी इतिहासलेखनात आणि जतनाच्या योजनांत त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

या वास्तूचे प्रमुख वैशिष्ट्य असे की, तिला ठराविक आयुर्मर्यादा नाही. सांगाड्याचा प्रत्येक अवयव स्वतंत्रपणे काढून बदलता येत असल्यामुळे दुरुस्तीचा क्रम चालू असेपर्यंत ती उभी राहते. म्हणून दुकानघराचा इतिहास हा बांधणीइतकाच दुरुस्तीचाही इतिहास ठरतो.

स्थान व पूर्वेतिहास : पनवेल हे रायगड (१९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) जिल्ह्यातील शहर मुंबईच्या पूर्वेस, पनवेल खाडीच्या शिरोभागी व गाढी नदीच्या काठी वसले आहे. खाडीमार्गे मुंबई आणि बोरघाटामार्गे पुणे अशा दोन वाटांच्या सांध्यावर असल्यामुळे त्याला व्यापारी महत्त्व प्राप्त झाले. १८३० मध्ये बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर हे महत्त्व वाढले. मुंबईहून पुण्यास जाणारे प्रवासी व टपाल भरतीच्या पाण्यावर होडीने पनवेलपर्यंत येत आणि तेथून पुढे गाडीरस्त्याने घाट चढत. घाटावरून धान्य व इतर शेतमाल घेऊन उतरणाऱ्या गाड्या परतताना मीठ व बंदरात उतरलेला माल नेत. बेने इस्राएल समाजाचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ मध्ये येथे उभे राहिले, तर १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका स्थापन झाली. या दोन्ही गोष्टी पेठेच्या तत्कालीन भरभराटीच्या निदर्शक आहेत.

१८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण झाला. हा लोहमार्ग कल्याण–कर्जतवरून जात असल्यामुळे पनवेल बाजूस पडले आणि प्रवासी वाहतूक ओसरली. तरीही पेठ मोडली नाही. आयुर्वेदीय औषधे तयार करणारा श्री धूतपापेश्वर कारखाना १८७२ मध्ये पनवेल येथेच सुरू झाला. त्या काळातील सरकारी गॅझेटिअरांत गाडीची चाके तयार करणे हा पनवेलचा प्रमुख उद्योग म्हणून नोंदविलेला आहे. घाटावरून येणाऱ्या गाडीवानांपैकी ज्यांची ऐपत असे, ते येथून चाकांची नवी जोडी घेऊन परत जात. अशा गावात लाकूड पारखणारे, कापणारे व सांधणारे कारागीर मोठ्या संख्येने असणे स्वाभाविक होते. चाकाचा तुंबा, आरे व पाट एकमेकांत घट्ट बसविण्याचे कसब आणि खांब-तुळयांचे सांधे बसविण्याचे कसब ही एकाच सुतारी विद्येची दोन अंगे होत.

सांगाड्याची रचना : दुकानघराचे जोते काळ्या पाषाणाचे असते. त्यावर ठराविक अंतरावर तळखडे म्हणजे खांबाखालचे घडीव दगड बसवितात आणि त्यांवर खांब उभे करतात. खांब जमिनीत पुरला जात नाही. दगडामुळे तो ओलीपासून व बऱ्याच अंशी वाळवीपासून दूर राहतो. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात. ते सामान्यतः दीड ते दोन मी. असते. घराचे आकारमान खणांत मोजण्याची पद्धत होती आणि ‘दोन खणांचे दुकान’, ‘पाच खणांचे घर’ असे शब्दप्रयोग जुन्या व्यवहारात नेहमी होत. खण हे केवळ मापाचे एकक नव्हते. उपलब्ध लाकडाची लांबी, तुळईवर पडणारा भार आणि माणसाच्या वावराची गरज या तिहींचा मेळ त्यात घातलेला असे.

खांबाच्या शेंड्याला कूस काढून ती वरच्या अवयवाच्या खोबणीत बसवितात. खांब आणि तुळई यांच्या दरम्यान दोन्ही बाजूंना पुढे आलेला आडवा लाकडी अवयव असतो, त्याला हस्त म्हणतात. हस्तामुळे तुळईचा आधाराविना राहणारा भाग कमी होतो आणि सांधाही ताठ राहतो. तुळयांवर कड्या व कड्यांवर फळ्या घालून कडीपाट तयार होतो. त्यावर माती किंवा चुन्याचा कोबा घालून माडीची जमीन करतात. माडीचे खांब खालच्या खांबांच्या रेषेतच उभे राहतात, त्यामुळे भार थेट तळखड्यापर्यंत पोचतो. छपरासाठी आढे, वासे व रिपा असा क्रम असतो. महत्त्वाच्या सांध्यांत लाकडी खुंट्यांचा उपयोग करीत. त्यामुळे सांधे पुन्हा उकलता येतात. एका घरातून उतरविलेली तुळई दुसऱ्या घरात बसविण्याचा प्रघातही यातूनच पडला. एखाद्या तुळईवर निरुपयोगी खोबणी दिसल्यास ती पूर्वी अन्यत्र वापरात होती, असे अनुमान करता येते. त्यामुळे केवळ एका अवयवावरून सबंध वास्तूचा काळ ठरविणे धोक्याचे असते.

भिंती हा या रचनेत केवळ आडोसा असतो. मागच्या व बाजूच्या भिंती दगडमातीच्या किंवा विटांच्या असत. आतील विभागणीसाठी कारवीच्या काठ्यांचा कूड विणून तो शेणामातीने लिंपीत. बाजूच्या जाड भिंतींमुळे सांगाड्याला आडव्या हालचालीविरुद्ध आधार मिळे. एकमेकांना लागून असलेली घरेही परस्परांना टेकू देत. म्हणूनच ओळीतील एक घर पाडल्यावर शेजारच्या घराला अनेकदा तिरके धिरे द्यावे लागतात.

दर्शनी भाग व अंतर्गत योजना : पेठेतील जागा रस्त्याच्या बाजूला अरुंद व मागे खोल असत, कारण रस्त्यालगतच्या प्रत्येक हाताला मोल होते. प्रथम ओटा, त्यामागे दुकानाची मुख्य जागा, नंतर मालाची खोली, मग माजघर, स्वयंपाकघर आणि अखेरीस विहीर असलेले परसू असा क्रम सामान्यतः आढळतो. घर फार खोल असल्यास मध्ये लहान चौक सोडून उजेड व वारा घेत. जोत्याची उंची मालाला पावसाच्या पाण्यापासून वाचवी आणि गाडीतील पोती उतरविण्यासही सोयीची पडे. पोटमाळ्यावर राखीव माल ठेवीत. कडीपाटातील झडप उघडून तो खाली सोडण्याची सोय काही ठिकाणी केलेली असे.

दर्शनी भिंतीवर भार नसल्यामुळे खांबांमधील सबंध खण मोकळा ठेवता येई. हा मोकळा खण म्हणजेच दुकानाचे तोंड. ते बंद करण्यासाठी उभ्या फळ्या वापरीत. उंबरठ्याच्या व वरच्या आडव्या लाकडाच्या खाचेत फळ्या एकामागून एक सरकवून शेवटच्या फळीला कडी-कुलूप लावीत. प्रत्येक फळीची जागा ठरलेली असल्याने त्यांवर क्रमांक किंवा खुणा केलेल्या असत. सकाळी फळ्या काढल्या की, दुकान आणि रस्ता यांत आडपडदा राहत नसे. व्यापारी गादीवर बसे आणि गिऱ्हाईक ओट्यावर टेके. ओटा हा खाजगी मालकीचा असूनही वापराने सार्वजनिक झालेला भाग होता. पावसाळ्यात पुढे आलेल्या पाख्याखालून पादचाऱ्यांना बऱ्याच अंशी कोरडे राहून चालता येई.

माडीच्या दर्शनी भागात कठडा, महिरपी कमानी किंवा पुढे आलेला सज्जा आढळतो. कोरीवकाम असल्यास ते हस्त, खांबांचे माथे आणि कठडा यांपुरते मर्यादित असते. वाड्यांतील सुरूदार खांबांची नक्कल सधन व्यापाऱ्यांच्या घरांत दिसते. एरवी खांब साधे चौकोनी, कडा किंचित तासलेले असत.

साहित्य व कारागीर : सांगाड्यासाठी सागाला पहिली पसंती होती. सागाचा गाभा तेलकट असल्यामुळे वाळवी व बुरशी यांना दाद देत नाही. गाभ्याभोवतालचे बाहेरचे लाकूड मात्र तसे टिकाऊ नसते. म्हणून जाणकार सुतार ते तासून टाकी. दुय्यम कामासाठी ऐन व इतर जंगली लाकूड वापरीत. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांतून लाकूड बाजारात येई. १८७८ च्या वन अधिनियमानंतर राखीव वनांतील तोडीवर निर्बंध आले. या दोन जिल्ह्यांतील लोकांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. स्थानिक लाकूड मिळणे अवघड होत गेले, तसा मुंबईमार्गे येणारा ब्रह्मदेशी साग मोठ्या कामांत शिरला.

छपराच्या बाबतीतही याच सुमारास मोठा बदल झाला. पूर्वी छपरावर कुंभारी नळीची कौले असत. ती हलत व फुटत असल्याने दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे लागे. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे यंत्राने दाबलेल्या कौलांचा कारखाना काढला आणि ही कौले किनाऱ्याने येणाऱ्या गलबतांतून कोकणातील बंदरांत पोचू लागली. मंगलोरी कौले एकमेकांत अडकतात, त्यामुळे त्यांचे थर कमी लागतात आणि छपराचा भार घटतो. वार्षिक शाकारणीचे काम त्यामुळे हलके झाले. मात्र वर्षातून एकदा छपरावर चढून वासे व रिपा तपासण्याची सक्तीची सवयही सैल झाली, हा त्याचा अनपेक्षित परिणाम म्हणावा लागेल.

इंग्लंडमधील समांतर उदाहरणे : लाकडी सांगाड्याची दुकानघरे ही केवळ भारतीय परंपरा नव्हे. इंग्लंडमधील मध्ययुगीन शहरांत ओकच्या लाकडाचा सांगाडा उभारून त्यातील चौकटी डहाळ्यांच्या विणीने व मातीच्या गिलाव्याने भरीत. कोकणातील कुडाशी या पद्धतीचे साम्य उघड आहे. तेथेही तळमजल्यावर दुकान व वर घर अशीच योजना असे आणि अरुंद जागेत अधिक वाव मिळावा, म्हणून वरचा मजला रस्त्यावर पुढे काढीत. फरक प्रामुख्याने ताठरपणाच्या योजनेत आहे. इंग्रज सुतार चौकटीत तिरके आधार घालून सांगाडा आवळी. महाराष्ट्रातील सांगाड्यात तिरके आधार जवळजवळ नसतात. त्यांचे काम हस्त, बाजूच्या भिंती आणि जमिनीचा व छपराचा भार करतात.

यॉर्क शहरातील गुडरॅमगेट रस्त्यावरील ‘लेडी रो’ ही १३१६ च्या सुमाराची ओळ सातशे वर्षांनंतरही दुकानांसाठी वापरली जाते. हेरेफर्ड येथील १६२१ चे ‘ओल्ड हाउस’ हे खाटकांच्या दुकानांच्या ओळीतील एक घर होते. ओळीतील इतर घरे पाडली गेली आणि उरलेले हे एक घर संग्रहालय झाले. पहिल्या उदाहरणात वास्तूबरोबर तिचा वापरही टिकला, दुसऱ्यात वास्तू टिकली पण पेठ नाहीशी झाली. जतनाच्या विचारात हा भेद मूलभूत आहे.

संकटे व दुरुस्ती : लाकडी वास्तूचा पहिला शत्रू अग्नी. मुंबईच्या कोटात १८०३ मध्ये आणि सुरतेत १८३७ मध्ये लागलेल्या आगींत दाट वस्तीची मोठी हानी झाली. सुरतेत नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. पुण्याच्या शनिवारवाड्याचा लाकडी इमला १८२८ च्या आगीत भस्मसात होऊन तट व जोती तेवढी उरली. लंडनमध्ये १६६६ च्या आगीनंतर विटा किंवा दगड यांनीच बांधकाम करण्याचा कायदा झाला. भारतीय पेठांत असा सरसकट निर्बंध आला नाही. घरांमधील जाड सामाईक भिंती हेच आग पसरू न देण्याचे मुख्य साधन राहिले.

दुसरे संकट पाण्याचे. पनवेल परिसरात वर्षाला अडीच हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पागोळ्यांचे पाणी जोत्यावर उडाल्याने दर्शनी खांबांचे पाय प्रथम कुजतात आणि फुटलेल्या कौलांतून झिरपलेल्या पाण्याने वाशांची टोके जातात. पुरात मातीची भिंत विरघळते, सांगाडा मात्र अनेकदा उभा राहतो. पुण्यात पानशेत धरण फुटल्यानंतरच्या पुरात (१२ जुलै १९६१) मातीत बांधलेल्या भिंतींचे असंख्य वाडे कोसळले. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत पनवेल शहरातही पाणी शिरले होते. भूकंपाचा अनुभवही बोलका आहे. किल्लारी परिसरातील १९९३ च्या भूकंपात जड दगडी भिंती ढासळून भीषण मनुष्यहानी झाली, परंतु जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तेथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे नोंदली गेली. भिंत पडणे आणि घर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसून येते.

दुरुस्तीची पद्धत साधी पण कौशल्याची असते. खांबाचा पाय कुजल्यास सुतार तुळईला धिरे देऊन तिचा भार तात्पुरता उचलून धरतो, कुजलेला भाग कापून त्या जागी नव्या लाकडाचा सांधा करतो किंवा तळखड्याची उंची वाढवितो. या कामात घर रिकामे करावे लागत नाही. दुकानाचा एक खण बंद ठेवून उरलेल्या खणांत व्यवहार चालू ठेवता येतो. मात्र हे काम वेळेवर व्हावे लागते. एका वाशाची गळती दुर्लक्षित राहिली, तर काही वर्षांतच तुळई आणि मग सबंध खण धोक्यात येतो.

ऱ्हासाची कारणे : दुरुस्तीचा हा क्रम विसाव्या शतकात तुटला. पूर्वी दुकान चालविणारा व घराचा मालक बहुधा एकच असे, त्यामुळे गळतीची झळ ज्याला लागे तोच शाकारणीचा खर्च करी. कुटुंबे विभागली, माड्या व दुकाने भाड्याने गेली आणि लाभ व खर्च यांची फारकत झाली. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मोठ्या प्रमाणावर भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. टंचाईच्या काळात भाडेकरूंना संरक्षण देणे आवश्यकच होते आणि अनेक लहान व्यापारी त्या संरक्षणामुळेच पेठेत टिकले. परंतु अशा भाड्यात सागाची एक तुळईही बदलणे मालकास परवडेनासे झाले, तर आपल्या मालकीच्या नसलेल्या घरावर मोठा खर्च करण्यास भाडेकरू राजी नव्हता. हा कायदा जाऊन १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्यात दरसाल चार टक्के भाडेवाढीची तरतूद आहे, तथापि पन्नास वर्षांची राहिलेली दुरुस्ती तेवढ्याने भरून येणे शक्य नव्हते.

दुसरीकडे जमिनीचे मोल वाढत गेले. १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना होऊन नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पूल खुला झाला व नवीन पनवेलची वसाहत वाढली. लोहमार्ग, द्रुतगती महामार्ग आणि २०१६ मध्ये स्थापन झालेली महानगरपालिका यांमुळे पनवेल महानगर प्रदेशाचा भाग बनले. एकेकाळी लोहमार्गाने बाजूला टाकलेल्या पेठेला त्या उपेक्षेने एक प्रकारे राखले होते. वाहतुकीच्या नव्या साधनांनी ते आवरण काढून घेतले. दोन मजली कौलारू दुकानघरापेक्षा त्याखालची जमीन कितीतरी मोलाची ठरली. घर पाडल्यावर निघणारा जुना सागही चढ्या भावाने विकला जाऊन त्याचे सामान बनते.

जतनाचा प्रश्न : प्राचीन स्मारकांविषयीचा केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा मुख्यतः ऐतिहासिक, कलात्मक वा पुरातत्त्वीय महत्त्वाच्या एकेकट्या वास्तूंसाठी आहे. पनवेलजवळच्या शिरढोण येथील वासुदेव बळवंत फडके (१८४५–८३) यांचे घर त्यांच्या नावामुळे स्मारक म्हणून राखले गेले. ज्यांच्याशी कोणाचे नाव जोडलेले नाही, अशा दुकानघरांचे महत्त्व एकेकट्या घरात नसून ओळीत व वापरात असते. त्यांना स्मारकाचा दर्जा देऊन व्यवहार थांबविणे हेही त्यांच्या स्वरूपाशी विसंगत होय.

मोडकळीस आलेल्या घरात राहणाऱ्यांचा जीव वास्तूपेक्षा मोलाचा आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ‘धोकादायक’ हा निर्णय सांगाडा तपासून घेतला जावा, केवळ फुगलेली भिंत पाहून नव्हे. भिंत उतरवूनही असे घर वाचविता येते. जेथे पाडण्यावाचून गत्यंतर नाही, तेथे किमान खणांची मापे, सांध्यांचे नकाशे व छायाचित्रे यांची नोंद व्हावयास हवी. या लाकडाला ज्ञानाच्या दृष्टीनेही मोल आहे. स्पष्ट वार्षिक वलये दाखविणाऱ्या थोड्या उष्ण कटिबंधीय वृक्षांपैकी साग हा एक असून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवरून पूर्वीच्या पर्जन्यमानाचा अभ्यास झाला आहे. जुन्या तुळयांच्या छेदांचा असा अभ्यास केल्यास वास्तूंचा काळ ठरविण्यास आणि सह्याद्रीच्या जंगलांचा इतिहास समजण्यास मदत होऊ शकेल.

दुकानघर टिकविण्यासाठी लागणारे कसब अद्याप पुरते लोपलेले नाही. कूस काढणारे व धिरे देऊन खांब बदलणारे सुतार कोकणात आजही देवळांच्या व जुन्या घरांच्या दुरुस्तीवर काम करताना आढळतात. ज्या पेठांत मालक, भाडेकरू आणि नगरसंस्था दुरुस्तीच्या खर्चाची वाटणी ठरवू शकतील, तेथे ही घरे पुढील पिढ्यांतही दुकाने म्हणूनच उभी राहतील, इतके सामर्थ्य त्यांच्या सांगाड्यात आहे.